रस्ता गेला, पाटी उरली

(जुन्या वस्तू जमवणे हा अनेकांचा छंद असतो. कोणी तिकिटे जमवतो, कोणी नाणी. या पाठात मोटारींच्या जुन्या पाट्यांची आणि अमेरिकेतील एका जुन्या टोलरस्त्याची माहिती दिली आहे. लेखकाने स्वतः केलेली एक चूकही त्यात सांगितली आहे.)

माझ्या नानीच्या घरी एक पांढरी रकाबी होती. तिची कड निळी होती. एका बाजूला तिचा टवका उडाला होता आणि तिथे काळा डाग दिसत असे. आम्ही मुले त्या रकाबीत जेवायला कुरकुर करत असू. नानी म्हणायची, "अरे, ती तामचिनीची आहे. पडली तरी फुटत नाही, फक्त चेहरा बिघडतो."

तामचिनी हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. मराठीत तिला एनॅमलची भांडी म्हणतात. काही जणांना वाटते, की ती चिनी मातीची असतात. तसे नाही. आत लोखंडाचा पत्रा असतो आणि त्यावर काचेचा पातळ थर असतो. इंग्रजी बोलणारे लोक अशा कामाला पोर्सेलिन म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. आपल्या शहरांतल्या जुन्या गल्ल्यांच्या नावांच्या आणि घरांच्या क्रमांकांच्या कितीतरी पाट्या याच पद्धतीने बनवलेल्या होत्या. निळ्या रंगावर पांढरी अक्षरे असलेली एखादी पाटी तुमच्याही मोहल्ल्यात अजून असेल.

आता मी तुम्हांला याच जातीच्या, पण फार दूरच्या पाट्यांची गोष्ट सांगणार आहे. या पाट्या भिंतीवर नव्हे, मोटारींवर लावलेल्या असत.

अमेरिकेत मोटारी नव्या होत्या, तेव्हा कोणती मोटार कोणाची हे ओळखण्याची काही सोय नव्हती. मोटारीने एखाद्या घोडागाडीला धक्का दिला आणि ती निघून गेली, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? म्हणून न्यूयॉर्क राज्याने १९०१ मध्ये मोटारमालकांना नोंदणी करायला लावली. पण पाटी मात्र सरकार देत नसे. मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरे स्वतःच मोटारीच्या मागे लावायची. कोणी ती चामड्यावर लावली, कोणी लाकडावर रंगवली. पुढे अक्षरांऐवजी क्रमांक आले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०३ मध्ये सरकारी पाटी दिली. अमेरिकेत राज्य सरकारने दिलेली ती पहिली पाटी. ती एनॅमलची होती, गडद निळी, आणि तिच्यावर पांढरा क्रमांक होता. या पाट्यांवर सुरुवातीला वर्ष छापलेले नसे. क्रमांक लहान असेल तर पाटीही लहान, आकडे वाढले की पाटीची लांबी वाढे. आज संग्राहक पाटी हातात घेताच आधी तिची लांबी पाहतात, ते यामुळेच.

ही पाटी तयार कशी होत असे? लोखंडाचा पत्रा कापून आधी त्याला भोके पाडत. नंतर भोके पाडली तर काच तडकली असती. मग पत्रा आम्लात धुऊन स्वच्छ करत. त्यावर काचेच्या भुकटीचा पहिला थर देत आणि भट्टीत घालत. भट्टीची उष्णता साधारण ८०० अंश सेल्सिअस. भुकटी वितळून पत्र्याला चिकटे. या पहिल्या थरात कोबाल्ट नावाचे द्रव्य मिसळत, कारण कोबाल्टमुळे काच लोखंडाला घट्ट धरून ठेवते. हा थर काळपट निळा दिसतो. नंतर हव्या त्या रंगाचा थर देऊन पुन्हा भट्टी. मग अक्षरांसाठी कापलेला साचा ठेवून आणखी एक थर, आणि परत भट्टी. प्रत्येक रंगाला एक भट्टी, असा हिशेब. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स या गावी इनग्रॅम-रिचर्डसन नावाचा कारखाना होता, तो अशा पाट्यांसाठी प्रसिद्ध होता. जुन्या पाटीवरून हळूच बोट फिरवले, तर एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे बारीक पायरी लागते. डोळ्यांना ती दिसत नाही, बोटाला कळते.

अशा पाटीचा रंग ऊन-पावसाने जात नाही. शंभर वर्षांपूर्वीचा निळा रंग काल लावल्यासारखा दिसतो. पण तिचा एक दोष आहे. लोखंड वाकते, काच वाकत नाही. रस्त्यावरचा खडा उडून लागला किंवा स्क्रू जास्त आवळला, की टवका उडतो. तिथून पाणी आत शिरते आणि गंज काचेच्या खाली खाली सरकत जातो. नानीच्या रकाबीवरचा तो काळा डाग म्हणजे दुसरे काही नव्हते.

आता त्या टोलरस्त्याकडे वळू.

न्यूयॉर्क शहराला लागून लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. तिथे विल्यम किसम व्हँडरबिल्ट नावाचा एक श्रीमंत तरुण राहत असे. त्याच्या पणजोबांनी जहाजांच्या आणि रेल्वेच्या धंद्यात अफाट पैसा मिळवला होता. पणतूला मात्र वेगाचे वेड. जानेवारी १९०४ मध्ये त्याने फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर एक मैल अंतर ३९ सेकंदांत कापले. म्हणजे ताशी ९२ मैलांहून जास्त वेग, आणि तोही त्या काळच्या मोटारीत! त्याच वर्षी त्याने लाँग आयलंडवर मोटारींची मोठी शर्यत सुरू केली आणि जिंकणाऱ्याला चांदीचा चषक ठेवला. पहिल्या तीनही शर्यती फ्रान्समध्ये बनलेल्या मोटारींनी जिंकल्या. अमेरिकेच्या लोकांना ते फार झोंबले.

शर्यत गावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवरच होत असे. लोक अगदी रस्त्याच्या कडेला, कधी रस्त्यावरच उभे राहून बघत. १९०६ च्या शर्यतीत एका मोटारीने बघणाऱ्यांपैकी एका माणसाचा जीव घेतला. १९०७ मध्ये शर्यत झालीच नाही.

व्हँडरबिल्टने यावर उपाय काढला तो त्याच्या ऐपतीला शोभेल असाच. मोटारींसाठी वेगळा, खासगी रस्ताच बांधायचा! कंपनी स्थापन झाली. जमिनी घेतल्या. जून १९०८ मध्ये काम सुरू झाले आणि ऑक्टोबरमध्ये पहिला तुकडा तयारही झाला. या रस्त्याचे नाव लाँग आयलंड मोटार पार्कवे. फक्त मोटारींसाठी बांधलेला तो अमेरिकेतला पहिला रस्ता. धूळ उडू नये म्हणून तो काँक्रीटचा केला होता. वळणावर मोटार घसरू नये म्हणून बाहेरची बाजू उंच ठेवली होती. दुसरा रस्ता आडवा आला, की वरून किंवा खालून पूल. असे साठाहून अधिक पूल त्यांनी बांधले. १९११ पर्यंत रस्ता सुमारे ४५ मैल लांब होऊन रोंकोंकोमा तळ्यापर्यंत पोहोचला. आज आपण ज्या मोठ्या महामार्गांवरून जातो, त्यांतल्या कितीतरी गोष्टी या रस्त्याने आधीच करून ठेवल्या होत्या.

२४ ऑक्टोबर १९०८ ला शर्यत झाली आणि या वेळी पहिल्यांदाच अमेरिकेची मोटार जिंकली. तिचा क्रमांक होता १६. ती मोटार आजही अमेरिकेत डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. तिला नवा रंग देऊन चकचकीत केलेले नाही. तिच्या अंगावरचा जुना रंग आणि तो पांढरा क्रमांक तसाच ठेवला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

रस्त्यावर जायला टोल द्यावा लागे. सुरुवातीला तो २ डॉलर होता. २ डॉलर म्हणजे किती? १९१४ मध्ये फोर्ड कारखान्याने मजुरांना दिवसाला ५ डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा देशभर खळबळ उडाली, एवढी ती मजुरी मोठी होती. यावरून अंदाज करा. साधा मजूर बहुतेक दिवसभर राबून जे मिळवी, ते इथे एका फेरीत संपे. तेव्हा हा रस्ता कोणाचा, हे सांगायला नको. टोलनाक्यांवर राहण्यासाठी सुंदर छोटी घरे बांधली होती. नाकेदार आपल्या कुटुंबासह तिथेच राहत असे. रात्री-अपरात्री भोंगा वाजला, की उठून फाटक उघडायचे.

या पार्कवेच्या नावाच्या वेगळ्या पाट्या निघाल्या, एनॅमलच्या, क्रमांक असलेल्या. मोटारीवर राज्याची पाटी असे, आणि तिच्या जोडीला ही. राज्याची पाटी सांगे, की ही मोटार कोणाची. पार्कवेची पाटी सांगे, की हिला या रस्त्यावर येण्याचा हक्क आहे. आज आपल्याकडे टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग हेच काम करतो, फक्त तो चिकटवलेला कागद शंभर वर्षे टिकणार नाही.

शर्यतींचा शेवट वाईट झाला. १९१० च्या शर्यतीत पुन्हा अपघात झाले, माणसे गेली, आणि त्या रस्त्यावरची शर्यत कायमची बंद झाली. रस्ता मात्र चालू राहिला. पण मोटारी स्वस्त झाल्या, सामान्य लोकही त्या घेऊ लागले, आणि त्यांना २ डॉलर परवडेनात. टोल कमी करत करत १९१७ मध्ये १ डॉलर झाला, शेवटी तर ४० सेंट. तोवर सरकारने जवळच नवा, रुंद रस्ता बांधला. त्याला टोल नव्हता. फुकटच्या रस्त्यापुढे पैशाचा रस्ता किती दिवस टिकणार? कंपनीवर कराची बाकी चढली. १९३८ मध्ये रस्ता बंद झाला आणि त्या बाकीच्या बदल्यात जमीन सरकारजमा झाली. बराचसा भाग शेतांत आणि घरांत नाहीसा झाला. क्वीन्स भागातला एक तुकडा त्याच वर्षी सायकलींसाठी खुला झाला. जिथे लखपतींच्या मोटारी धावल्या, तिथे आता मुले सायकल चालवतात, आणि तीही एक पैसा न देता! मला तरी हा बदल आवडतो.

रस्ता गेला, पण पाट्या उरल्या. जुन्या मोटारी भंगारात गेल्या, तेव्हा कोणी पाटी काढून गॅरेजच्या भिंतीला ठोकली, कोणी कोंबड्यांच्या खुराड्याचे भोक बुजवले. एनॅमलवर पावसाचा परिणाम होत नाही, त्यामुळे अशा कामाला ती फार चांगली! राज्यांनीही पुढे एनॅमलच्या पाट्या सोडल्या. पेन्सिल्व्हेनियात त्या १९०६ पासून १९१५ पर्यंत होत्या. पाटी दर वर्षी बदलायची असेल, तर शंभर वर्षे टिकणारी वस्तू कशाला बनवायची? ठसा उठवून रंगवलेला पत्रा स्वस्त पडतो. १९५४ मध्ये अमेरिकेत पाट्या जमवणाऱ्यांची संघटना निघाली, आणि खुराड्यातल्या पाट्यांना भाव आला.

भाव आला, की नकलाही आल्या. नवी पाटी बनवायची, तिच्यावर हातोडीने चार टवके पाडायचे, आम्ल लावून गंज आणायचा आणि जुनी म्हणून विकायची. जाणकार माणूस ते कसे ओळखतो? तो टवक्यांची जागा पाहतो. खऱ्या पाटीला स्क्रूच्या भोकांभोवती तडे असतात, कारण मोटार सतत थरथरते. खड्यांच्या बारीक खुणा असतात. टवक्यात डोकावले, तर रंगाखाली तो काळपट निळा थर दिसतो आणि त्याखाली लोखंड. नकली पाटीचे टवके शोभेसाठी पाडलेले असतात. ते अक्षरे वाचवून नेमके रिकाम्या जागी पडलेले असतात. खडा काही अक्षरे वाचवत नाही.

म्हणजे ज्या खुणांना आपण खराबी म्हणतो, त्याच पाटीची साक्ष देतात. हे मला पुस्तकात वाचून कळले नाही. त्यासाठी मी एक पाटी गमावली.

मी नुकताच शिक्षक झालो होतो. एकदा मुंबईच्या चोर बाजारात फिरताना एका दुकानात घरक्रमांकाची निळी पाटी दिसली. पांढऱ्या अक्षरांत ४७. पाटी मळलेली होती, दोन कोपरे गंजलेले होते. मागच्या बाजूला डिंकाने चिकटवलेला एक पिवळा कागद होता, त्यावर शाईने काही लिहिले होते. दुकानातले चाचा म्हणाले, "मास्तर, आहे तशी न्या आणि आहे तशी ठेवा." मी हो म्हटले. ऐकले मात्र नाही.

घरी येताच पाटी पाण्यात भिजत घातली. मागचा कागद लगदा होऊन निघाला, तो मी मोरीत टाकला. त्यावर काय लिहिले आहे ते वाचायचेही मला सुचले नाही. मग फरशी धुण्याचे आम्ल आणून गंज घासला. टवक्यांवर निळा ऑइलपेंट लावला. पाटी अशी चमकू लागली, की मी ती अभिमानाने दारावर लावली. पुढच्या शुक्रवारी ती पिशवीत घालून चाचांना दाखवायला नेली.

चाचांनी चष्मा लावला. पाटी पुढून पाहिली, मागून पाहिली. आम्लाने काचेची चकाकी गेली होती, ती त्यांनी बोटाने दाखवली. मग म्हणाले, "कागद कुठे आहे?"

मी सांगितले.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "ज्याने घर पाडताना पाटी काढली, त्याने इमारतीचे आणि गल्लीचे नाव लिहून चिकटवले होते. मी वाचले होते, पण आता आठवत नाही. मास्तर, सत्तेचाळीस नंबर तर प्रत्येक गल्लीत असतो."

चहा मागवला होता, तो मी कसाबसा प्यायलो.

पार्कवेच्या पाट्यांचेही असेच आहे. नुसता क्रमांक म्हणजे एक आकडा. पण त्याच क्रमांकाची पाटी लावलेल्या मोटारीचे जुने छायाचित्र सापडले, किंवा ती कोणाच्या गॅरेजमधून निघाली हे लिहून ठेवलेले असले, तर त्या आकड्यामागे एक मोटार, एक माणूस आणि तो रस्ता उभा राहतो. म्हणून चांगले संग्राहक पाटी कोमट पाणी आणि साध्या साबणाने हलकेच पुसतात, मऊ फडक्याने कोरडी करतात आणि थांबतात. टवका भरत नाहीत. पाटी कुठे मिळाली, कधी मिळाली, देणाऱ्याने काय सांगितले हे वहीत टिपून ठेवतात. त्या सोळा क्रमांकाच्या मोटारीला नवा रंग का दिला नाही, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

माझी ४७ क्रमांकाची पाटी अजून माझ्याकडे आहे. दारावरून ती मी काढली. नानीची रकाबीही आता माझ्याच घरी आहे. तिच्या मागे मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर नानीचे नाव, गावाचे नाव आणि आम्ही तिच्यात काय जेवत असू ते लिहिले आहे. टवका तसाच आहे.

शब्दार्थ

रकाबी – पसरट ताटली
टवका उडणे – वरच्या थराचा लहान तुकडा निघणे
आद्याक्षर – नावाचे पहिले अक्षर
संग्राहक – वस्तू जमवणारा
झोंबणे – मनाला लागणे
ऐपत – खर्च करण्याची ताकद
नाकेदार – टोलनाक्यावरचा माणूस
साक्ष – पुरावा, गवाही

स्वाध्याय

१. एनॅमलच्या पाटीला भोके आधी का पाडत?
२. व्हँडरबिल्टने वेगळा रस्ता का बांधला? तो रस्ता बंद का पडला?
३. खरी पाटी आणि नकली पाटी जाणकार कशी ओळखतो ते आपल्या शब्दांत लिहा.
४. "सत्तेचाळीस नंबर तर प्रत्येक गल्लीत असतो," असे चाचा का म्हणाले?
५. आपल्या घरातील एखादी जुनी वस्तू घ्या. ती कोणाची, कुठून आली, हे घरातील मोठ्या माणसांना विचारून दहा ओळींत मराठीत लिहा.